पत्रातल्या चौदा ओळी

एका वाचक डॉक्टरांचं लांबलचक पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून आधी त्याचा सारांश देते.

त्या ४६ वर्षांच्या आहेत. माहेर सोलापूरचं, एमबीबीएस महाराष्ट्रातच. पुढे अमेरिकेत बालरोगशास्त्राची तीन वर्षांची रेसिडेन्सी, मग मुलांच्या इमर्जन्सी मेडिसिनची तीन वर्षांची फेलोशिप. गेली बारा वर्षं त्या तिथल्या एका विद्यापीठाच्या बालरुग्णालयात इमर्जन्सी विभागात आहेत. विभागात तीसेक डॉक्टर आणि सहा फेलो, म्हणजे फेलोशिपवर शिकणारे डॉक्टर. सध्याचे विभागप्रमुख उन्हाळ्यात दुसरीकडे चालले आहेत. बालरोग खात्याच्या अध्यक्षांनी यांना बोलावून विचारलं, ‘विभाग सांभाळाल का?’ आधी वर्षभर हंगामी, जमलं तर कायम. उत्तर द्यायला दोन आठवडे दिलेत.

अडचणी चार आहेत. प्रमुख झाल्यावर पेशंट बघायचे तास निम्मे होतील, आणि ‘मी मुलांसाठी डॉक्टर झाले, कागदांसाठी नाही.’ मीटिंगमध्ये लोक बोलणं मध्येच तोडतात, उच्चारांमुळे कधी दोनदा सांगावं लागतं. याच पदावर एका ६१ वर्षांच्या सहकाऱ्यांचाही डोळा आहे. त्यांनीच यांना घडवलं. गेली काही वर्षं ते रात्रपाळ्या करत नाहीत. तसा लेखी नियम कुठेच नाही, आणि त्यांच्या वाट्याच्या रात्री घरी लहान मूल असलेल्या तरुण डॉक्टरांवर येतात. शेवटची अडचण वडिलांची. वय ८२, पार्किन्सन्स, सोलापुरात असतात. या दर डिसेंबरात तीन आठवडे त्यांच्याकडे जातात, आणि नेमका डिसेंबरातच विभाग तुडुंब भरलेला असतो. नवरा म्हणतो, घेऊन टाक. ‘हो म्हणू की नाही, एवढंच सांगा,’ असं पत्राच्या शेवटी आहे.

नमस्कार डॉक्टर,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मग त्याची छापील प्रत काढली आणि पेन्सिल घेऊन बसले. कोणत्या अडचणीला तुम्ही किती ओळी दिल्यात ते मोजलं. मुलांपासून दूर जाण्याबद्दल तीन ओळी, मीटिंगांबद्दल पाच, वडिलांबद्दल सहा. रोस्टरबद्दल, म्हणजे पाळ्यांच्या वाटणीच्या तक्त्याबद्दल, आणि त्या सरांबद्दल चौदा. (तुम्ही त्यांना सर म्हणता, मीही तेच म्हणते.) त्या चौदांत एक वाक्य तुम्ही कंसात टाकलं आहे, ‘लेक वर्षाची असताना सरांनी माझ्या रात्री गुपचूप कमी केल्या होत्या.’ तुमचा खरा प्रश्न त्या कंसात आहे असं मला वाटतं. तिथे येतेच. पण आधी त्या तीन ओळी, कारण सगळ्यांना सांगताना तुम्ही त्याच पुढे करत असणार.

‘मुलांसाठी डॉक्टर झाले, कागदांसाठी नाही.’ हे वाक्य वर्षानुवर्षं माझ्याही तोंडी होतं. मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात मुलांच्या कॅज्युअल्टीत मी एकोणीस वर्षं काढली, शेवटची सात प्रमुख म्हणून. प्रमुख झाल्यावर मी एकही पाळी सोडली नाही. उलट कुणी रजेवर गेलं की त्याच्या जागी मीच उभी. ‘मॅडम अजून स्वतः पेशंट बघतात’ असं लोक म्हणायचे आणि मला ते ऐकायला फार बरं वाटायचं.

पहिल्याच वर्षातला जुलै. रात्रीचे अडीच, बाहेर धो धो पाऊस. एका आईनं दोन वर्षांचं पोर पदराखाली झाकून आणलं. पोराला झटके चालू होते, घरापासून चालू होते. सिस्टरनी क्रॅश कार्टचा, म्हणजे तातडीच्या औषधांच्या गाडीचा, दुसरा खण ओढला. झटके थांबवणाऱ्या मिडाझोलमची जागा रिकामी. तिथे कापसाचा एक बोळा आणि एक चिठ्ठी, ‘उद्या इंडेंट करणे’, म्हणजे भांडारातून मागवणे. खाली तारीख चार दिवसांपूर्वीची. वॉर्डबॉय मामा दोन मजले चढून वरच्या वॉर्डातून अँप्यूल घेऊन येईपर्यंत सहा मिनिटं गेली. तेवढा वेळ मी त्या पोराचा जबडा उचलून धरला होता, दुसऱ्या हातानं ऑक्सिजनचा मास्क दाबला होता आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. पोर वाचलं. चौथ्या दिवशी घरी गेलं. जाताना त्या आईनं माझे पाय धरले. माझ्या डोळ्यांपुढून ती चिठ्ठी हलत नव्हती. कार्ट रोज कुणी तपासायचं, खाली सही कुणाची, संपलेलं औषध किती तासांत भरून यायचं, हे ठरवणं माझं काम होतं. ते मी ‘कागद’ म्हणून महिनोन् महिने बाजूला सारलं होतं आणि त्या वेळात पाळ्या करत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि इंचार्ज सिस्टर मिळून कार्टची यादी लिहायला बसलो. माझ्या प्रमुखपणाची सुरुवात मी त्या सकाळपासून धरते.

तुमच्या रोजच्या कामातलं उदाहरण घ्या. पलंगावरून पडलेलं मूल येतं. तुम्ही डोकं चाचपता, आईला चार प्रश्न विचारता, काही वेळ नजरेखाली ठेवता आणि सीटी स्कॅन न करता घरी पाठवता. हा भरवसा तुम्हाला पेकार्नच्या नियमानं दिला. पेकार्न म्हणजे अमेरिकेतल्या मुलांच्या इमर्जन्सी विभागांचं संशोधनाचं जाळं, आणि सीटी कुणाला लागत नाही ते हा नियम सांगतो. २५ इमर्जन्सी विभागांनी मिळून डोक्याला मार लागलेल्या ४२,४१२ मुलांच्या नोंदी ठेवल्या आणि २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापले. मेंदूला खरोखर गंभीर म्हणावी अशी इजा ३७६ मुलांना निघाली, शंभरात एकालाही नाही. सीटी मात्र जवळपास १५,००० मुलांचा झाला होता. त्या प्रत्येक विभागात कुणीतरी रोस्टरमधून माणसांचे तास सोडवले असतील. रात्री तीन वाजता थकलेल्या डॉक्टरांना ‘फॉर्म भरलास का?’ म्हणून विचारलं असेल. त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. पण विनाकारण किरणं अंगावर घेण्यापासून किती मुलं वाचली असतील याचा विचार करा. तुमच्या पाळीत एका वेळी आठ-दहा मुलं असतात. त्या लोकांच्या ‘कागदां’नी तुमच्या-माझ्या नजरेपलीकडची मुलं सांभाळली.

पेशंट सोडा असं मी म्हणत नाही. निम्मे तास ठेवाच, आणि त्यांत रात्रीही ठेवा. फक्त दिवसा पाळी करणाऱ्या प्रमुखाला विभाग निम्माच कळतो. लॅबचा रिपोर्ट रात्री किती उशिरा येतो, दुभाषी मिळतो का, पहाटे चारला फेलो कुणाला फोन करायला घाबरतो, हे तिथे उभं राहिल्याशिवाय समजत नाही. आणि प्रमुख स्वतः रात्री उभा नसेल तर रात्रीच्या वाटणीवर त्यानं बोललेलं लोक वरवर ऐकतात, मनातून मानत नाहीत.

आता त्या चौदा ओळी.

सरांच्या बाजूनं आधी बघू. तुमच्या शाखेची अमेरिकेतली पहिली प्रमाणपत्र परीक्षाच मुळी १९९२ साली झाली. म्हणजे सर अगदी सुरुवातीच्या तुकड्यांतले. तेव्हा बऱ्याच ठिकाणी मुलांच्या इमर्जन्सीत रात्री रेसिडेंटच असत आणि वरिष्ठ घरून फोनवर. रात्रभर तज्ज्ञ जागेवर हवा, हा आग्रह त्या पिढीनं धरला आणि स्वतःच्या झोपेतून तो चालवला. आज साठी उलटल्यावर त्यांचं शरीर रात्री साथ देत नसेल तर त्यात वावगं काही नाही. ठरावीक वयानंतर रात्री कमी करायचा लेखी नियम कितीतरी विभागांत असतो. तुमच्याकडे ही सूट कुणी लिहून ठेवली नाही, म्हणून ती कुणाच्या झोपेतून येते हेही कुणी मोजलं नाही. ती ज्यांच्या झोपेतून येते त्या तक्रार करत नाहीत, कारण त्या नवीन आहेत आणि त्यांना बढती हवी आहे.

आणि तुमचा कंस. लेक लहान असताना सरांनी तुमच्या रात्री कमी केल्या. ती माया होती, आणि तुम्ही ती विसरला नाहीत हे चांगलंच आहे. पण त्याच खात्यातल्या त्याच वयाच्या मुलीची आई आज तिसरी रात्र सलग करते आहे. तिला तुमच्यासारखे सर नाहीत. तुम्हाला जे एका माणसाच्या मर्जीनं मिळालं ते तिला मागण्याची सोयच नाही. तुम्ही धरून चालला आहात, की रोस्टर उघडायचं म्हणजे सरांचे उपकार विसरायचे. मला उलट वाटतं. सरांनी तुमच्यासाठी जे केलं तेच सगळ्यांसाठी लेखी करून ठेवणं, हीच त्यांच्या उपकारांची फेड होईल.

आणखी एक गोष्ट तुम्ही धरून चालला आहात. सरांना पद न मिळणं त्यांच्या जिव्हारी लागेल, असं. त्यांना तुम्ही विचारलंत का? पत्रात तरी तसं कुठे दिसत नाही. ६१ व्या वर्षी माणसाला खुर्ची हवी असते, की आपण उभं केलेलं आपल्यामागे नीट चालावं एवढंच हवं असतं, हे बाहेरून ओळखता येत नाही. कदाचित त्यांना खरोखरच पद हवं असेल. तसं असेल तर त्यांच्या तोंडून ते ऐका आणि मग ठरवा.

हे करायचं कसं, ते थोडं सविस्तर सांगते, कारण मुंबई असो की अमेरिका, रोस्टरवरून विभाग फुटलेले मी पाहिले आहेत. गेल्या दोन वर्षांचे रोस्टर मागवा. एका कागदावर प्रत्येकाच्या रात्री, शनिवार-रविवार आणि सणाचे दिवस मांडा. कोण किती तास पाळीवर असतो त्या प्रमाणात मांडा, कारण संशोधनासाठी अर्धा वेळ राखलेल्या डॉक्टरची आणि पूर्णवेळ पाळ्या करणाऱ्याची थेट तुलना केलीत तर पहिल्याच मिनिटाला भांडण होईल. नावांऐवजी आकडे टाका. तो कागद सगळ्यांत आधी सरांना दाखवा, एकांतात, आणि त्यांनाच म्हणा, ‘वयाची सूट कशी लिहावी याचा मसुदा तुम्ही कराल का?’ रात्री माफ, त्याबदल्यात शनिवार-रविवारच्या संध्याकाळी, फेलोंच्या सिम्युलेशनचे (पुतळ्यावरच्या सरावाचे) तास, नव्या डॉक्टरांच्या पहिल्या महिन्यात सोबत उभं राहणं, असा काहीतरी हिशेब बसेल. त्याच कागदावर बाळंतपणाच्या आधीच्या आणि नंतरच्या महिन्यांची सूट लिहा. घरात मृत्यू झाला तर किती दिवस, तेही. काही लोकांना रात्री आवडतात. त्यांना रात्रीचा जादा मोबदला देता येईल का, हे खात्याला विचारा.

हा नियम मतदानाला मात्र टाकू नका. तीस जणांत रात्री नको असलेलेच कायम बहुमतात असतात आणि सगळं ओझं पुन्हा नवीन चार जणांवर येतं. सगळ्यांचं ऐकून घ्या, लेखी हरकती मागवा, आणि निर्णय तुम्ही घ्या. सहा महिने चालवून बघू, मग आकडे परत मांडू, असं सांगून सुरू करा. दोन-तीन जण तुमच्याशी बोलायचं कमी करतील. त्यांतला एखादा तुमचा रोजचा जेवणाचा सोबती असेल. याची तयारी ठेवा. ते दुखतं, आणि त्यावर माझ्याकडे औषध नाही.

मीटिंगांचं थोडक्यात सांगते. रिससच्या खोलीत, म्हणजे अत्यवस्थ मुलांना सावरतात तिथे, तुमचे उच्चार कुणाला खटकतात का? तिथे तुम्ही नाव घेऊन सांगता, समोरचा तेच परत म्हणून दाखवतो, झालं की ‘दिलं’ म्हणतो. तीच पद्धत मीटिंगमध्ये न्या. शेवटी तुम्हीच म्हणा, ‘म्हणजे हे काम यांनी, या तारखेपर्यंत,’ आणि त्याच संध्याकाळी दोन ओळींची ईमेल टाका. मीटिंगमध्ये शेवटी लिहिणाऱ्याचंच चालतं. कुणी मध्येच तोडलं तर ‘माझं वाक्य पूर्ण करते’ म्हणा आणि करा. तोडणाऱ्याच्या असभ्यपणाचा दोष तुम्ही स्वतःच्या उच्चारांवर घेताय, तेवढं थांबवा.

यापेक्षा मोठी गोष्ट पदाच्या अटींची आहे, आणि तिच्याबद्दल तुमच्या पत्रात एकही ओळ नाही. ‘वर्षभर हंगामी’ हे मला अजिबात पटलेलं नाही. हंगामी प्रमुखाला नवीन माणूस घेता येत नाही. जुना नियम बदलता येत नाही, आणि ज्यांना बदल नको ते वर्ष संपायची वाट बघतात. वर्षानंतर तुमच्या हाती दमणूक राहते. अध्यक्षांना सांगा, पाच वर्षांची मुदत द्या आणि दोन वर्षांनी आढावा घ्या. हंगामीच द्यायचं असेल तर भरती, रोस्टर आणि खर्च यांचे अधिकार पहिल्या दिवसापासून लेखी द्या. तुमचे पाळीचे तास किती कमी होणार ते आकड्यात लिहून घ्या, ‘योग्य ती सवलत’ असल्या शब्दांत नको. निदान दोन उपप्रमुख, कचेरीचं काम बघणारा एक माणूस, आणि आठवड्याला आकडे काढून देणारं कुणीतरी, हे मागा. पगाराचा कोणता भाग रुग्णालय देतं आणि कोणता विद्यापीठ, हे आत्ताच समजून घ्या. पुढे पैशाची खेचाखेच होईल ती याच जागी.

आणि नर्सिंगच्या प्रमुख. त्या तुमच्या हाताखाली नसतात, रुग्णालयाला जबाबदार असतात. हो म्हणायच्या आधी त्यांच्याबरोबर एक तास बसा. विभागातलं काय मोडकळीला आलंय ते त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं. पद घेतलंत तर आठवड्यातून एकदा दोघींनी मिळून विभागातून चक्कर मारायची, खणसुद्धा उघडून बघायचे. खण मी उगाच म्हणत नाही.

तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंय, की मानसिक आजाराची एक चौदा वर्षांची मुलगी चार दिवस तुमच्या विभागातल्या बिनखिडकीच्या खोलीत होती, पुढच्या रुग्णालयात जागा मिळेपर्यंत. ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या, बालमानसोपचारतज्ज्ञांच्या आणि बालरुग्णालयांच्या संघटनांनी मिळून मुलांच्या मानसिक आरोग्याची राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली, ती अशाच मुलांमुळे. पाळीवरची डॉक्टर म्हणून तुम्ही तिला पांघरूण दिलंत, फोनचा चार्जर शोधून दिलात. प्रमुख म्हणून तुम्ही दर आठवड्याला असे तास मोजून रुग्णालयाच्या वरिष्ठांपुढे ठेवू शकता. अशा मुलांना रोज मानसोपचाराचा माणूस येऊन बघेल, आंघोळीची सोय असेल, खिडकीची खोली असेल, असं मागू शकता. एका मीटिंगमध्ये मिळणार नाही. दहाव्या मीटिंगमध्ये कदाचित मिळेल. ती मुलगी तुमच्या मनातून गेलेली नाही, नाहीतर त्या गर्दीच्या पत्रात तिला जागा मिळाली नसती. पद घेण्यामागचं सगळ्यांत भक्कम कारण मला तुमच्या पत्रात हेच दिसलं.

आता सोलापूर. इथे मी जरा थांबून लिहिते आहे.

डिसेंबरात आरएसव्ही (लहान मुलांच्या छातीत उतरणारा एक विषाणू) आणि फ्लूनं विभाग भरतो, खरं आहे. पण आजारांनी आपल्या सोयीचं कॅलेंडर कधी पाळलंय? २०२० च्या एप्रिलमध्ये मुलांच्या इमर्जन्सी ओस पडल्या. २०२१ मध्ये आरएसव्ही भर उन्हाळ्यात आला. २०२२ मध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबरातच बालरुग्णालयांत खाटा उरल्या नाहीत. जुलैत नवे रेसिडेंट येतात, सप्टेंबरात शाळा सुरू झाल्या की दम्याची मुलं येतात, उन्हाळ्यात मोडलेली हाडं. रिकामा महिना तुम्हाला सापडणारच नाही. म्हणून डिसेंबर हलवण्याच्या खटपटीत पडू नका. अटींच्या यादीतच तो लिहा, ‘डिसेंबरात तीन आठवडे मी भारतात असेन, त्या काळात पूर्ण अधिकार उपप्रमुखांकडे.’ त्या तीन आठवड्यांत तुम्हाला रोज फोन येत असतील तर उपप्रमुखाला अधिकार दिलेच नाहीत असं समजा. आणि हे उघड केलंत की विभागातल्या बाकीच्यांनाही आपल्या म्हाताऱ्या आई-वडिलांसाठी रजा मागायला तोंड मिळेल.

पण रजेच्या पलीकडेही एक प्रश्न आहे. बाबांना पुढच्या दोन वर्षांत तुम्ही किती लागणार आहात? त्यांच्या न्यूरॉलॉजिस्टशी तुम्ही लेक म्हणून बोलता, एकदा डॉक्टर म्हणून बोला. गिळायला त्रास होतोय का, पडतात का, रात्री भास होतात का, हे विचारा. रोज त्यांचं जे कोणी करतं, त्यांना विचारा की अजून किती दिवस झेपेल. उत्तर ‘आता जवळ राहायला हवं’ असं आलं, तर नाही म्हणा. त्या नाहीची लाज वाटून घ्यायचं कारण नाही. पद परत येईलच असं मी सांगू शकत नाही, कदाचित येणारही नाही. हे समजून-उमजून म्हणा. आणि नाही म्हणाल तेव्हा अध्यक्षांना रोस्टरचा तो कागद देऊन या, कोण प्रमुख होतंय ते न बघता. फेलोशिपची जबाबदारी किंवा उपचारांच्या दर्जाचं काम, पाळ्या फारशा कमी न करता घेता येतं. त्या चौदा वर्षांच्या मुलीसाठी तिथूनही बरंच करता येईल.

बाबांची तब्येत आहे तशीच राहील असं उत्तर आलं, तर माझा कौल हो आहे, वर लिहिलेल्या अटींसह.

हे सदर वाचणाऱ्या आपल्याकडच्या डॉक्टरांसाठी थोडं. सांगली, लातूर, नागपूर, कुठल्याही मेडिकल कॉलेजात मुलांच्या कॅज्युअल्टीची जबाबदारी बहुतेक वेळा ज्येष्ठतेनं अंगावर येते. अटी विचारायची सोय नसते, उपप्रमुख नसतो, खर्चाची सही दुसऱ्याची असते. तिथे काय करणार, असं मला पुष्कळ जण विचारतात. मलावीतल्या ब्लँटायर शहरात क्वीन एलिझाबेथ सेंट्रल हॉस्पिटल आहे. आपल्यापेक्षा तोकड्या साधनांचं. तिथे मुलांना येतील त्या क्रमानं तपासत. त्यांनी रांग मोडून आजाराच्या गांभीर्यानं तीन गट केले, कर्मचाऱ्यांना ते ओळखायला शिकवलं, तातडीचे उपचार दारातच सुरू केले. दाखल मुलांतलं मृत्यूचं प्रमाण १० ते १८ टक्क्यांवरून ६ ते ८ टक्क्यांवर आलं. तुम्ही उद्या केसपेपरच्या खिडकीपाशी तासभर उभे राहा. खिडकीतल्या क्लार्कला आणि दारातल्या गार्डला तीन गोष्टी शिकवा, पोर मलूल पडलंय, छाती उडतेय, झटके येताहेत. यातलं एक दिसलं तरी केसपेपर नंतर, मूल आधी आत. याला कुणाची मंजुरी लागत नाही. रात्रपाळीच्या गार्डलाही शिकवा, तो वेगळा असतो.

डॉक्टर, दोन आठवड्यांतले चार दिवस पत्र पोचण्यात गेले. उरलेल्यांत नर्सिंग प्रमुखांबरोबर एक तास, सोलापूरला दोन फोन, आणि अध्यक्षांकडे अटींची एक पानी यादी, एवढं होतं. पण सगळ्यांच्या आधी सरांना भेटा. ‘मला विचारलंय’ हे त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळता कामा नये. फोनवर नको, समोर बसून बोला. कंसातलं ते वाक्य आधी सांगा, रोस्टरचा कागद त्यानंतर काढा.